उत्तरांची फाइल

कार्यालयातला एखादा संगणक बिघडला किंवा नवा आला, की त्यावर विंडोज टाकायची, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) बसवायचे, ऑफिस, टॅली, अँटिव्हायरस, ब्राउझर, प्रिंटर आणि हिंदीचे फॉन्ट एकामागून एक चढवायचे आणि मग तो ज्याचा त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, हे काम मी इंदुरात पाहिलेल्या बहुतेक मध्यम आकाराच्या कार्यालयांत अजून हातानेच होते. "मशीन फॉरमॅट मारून द्या" असा निरोप गेला की आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून कोणी इंजिनियर येतो. पूर्वी तो सीडींची थैली घेऊन यायचा, आता पेनड्राइव्ह घेऊन येतो, आणि अर्धा दिवस त्या एका यंत्रासमोर बसून 'नेक्स्ट' दाबत राहतो. त्याच्या कसबाबद्दल मला आदर आहे, कारण मीही हे काम त्याच पद्धतीने शिकले. पण त्याने काय काय केले, हे तो गेल्यानंतर कुठेच लिहिलेले राहत नाही, आणि माझ्या मते कार्यालयाचे खरे नुकसान वाया गेलेल्या अर्ध्या दिवसापेक्षा तिथे होते.

मी एका सहकारी पतसंस्थेचे संगणक सांभाळते. आमच्या मध्य प्रदेशात तिला साख संस्था म्हणतात. संस्थेचे मुख्य कार्यालय रामबागेच्या बाजूला, काही शाखा शहरात आणि काही बाहेर. कामावर रुजू झाल्यानंतर मी पहिली गोष्ट ही पाहिली, की एकाच दिवशी खरेदी केलेले, एकाच माणसाने तयार केलेले दोन संगणकसुद्धा एकसारखे नव्हते. एकावर तारीख भारतीय पद्धतीने दिवस-महिना-वर्ष अशी दिसे, दुसऱ्यावर अमेरिकी पद्धतीने महिना-दिवस-वर्ष अशी. कारण इंग्रजी विंडोज बसवताना प्रदेश निवडण्याचा जो पडदा येतो, त्यावर कोणी 'भारत' निवडले होते आणि कोणी काही न निवडता पुढे गेले होते. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण ठेवींची यादी एका यंत्रावरून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या यंत्रावर एक्सेलमध्ये उघडली, की ५ एप्रिलची ठेव ४ मेची होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी, तेरावा महिना नसल्यामुळे, तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. व्याजाचा हिशेब अशा यादीवर करणे म्हणजे काय, हे जमाखर्च विभागातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

हे फरक नाहीसे करण्याचा पहिला मार्ग संगणकाच्या दुनियेत बराच जुना आहे. एक यंत्र मन लावून तयार करायचे आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्या यंत्रांवर उतरवायची. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमारास घोस्ट नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले, १९९८ मध्ये ते सिमँटेकने विकत घेतले, आणि भारतातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत 'घोस्ट मारणे' हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग झाला. पुढे तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्राने क्लोनझिला हे मुक्त सॉफ्टवेअर दिले, जे मी आजही डिस्कची सुरक्षित प्रत काढण्यासाठी वापरते. मात्र प्रतीच्या पद्धतीला तिच्या स्वभावातच मर्यादा आहेत. प्रत काढली त्या क्षणी ती गोठते. महिन्याभराने नवे सुरक्षा अपडेट येतात, टॅलीची नवी आवृत्ती येते, आणि प्रत शिळी होते. विंडोज एक्सपीच्या काळात तर एका मदरबोर्डवरची प्रत दुसऱ्या बनावटीच्या मदरबोर्डवर उतरवली, की पुष्कळदा निळा पडदा येऊन यंत्र सुरूच होत नसे. शिवाय मूळ यंत्राची अंतर्गत ओळखही प्रतीबरोबर सगळीकडे जाते. ती पुसून यंत्र पुन्हा कोरे करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सिसप्रेप आहे, आणि ते न चालवता उतरवलेल्या प्रतींची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तयार प्रत पाहून आत काय आहे ते कळत नाही. कोणती खूण कोणी कशासाठी केली होती, हे ती सांगू शकत नाही. हाताने केलेले काम जसे अबोल, तशीच ही प्रतही अबोल. फरक इतकाच, की तो अबोलपणा आता सगळ्या यंत्रांवर सारखा पसरतो.

दुसरा मार्ग आहे तो इन्स्टॉलेशनच्या वेळी संगणक जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे आधीच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे किती भाग करायचे, यंत्राचे नाव काय, वेळ कुठल्या देशाची, पहिला वापरकर्ता कोण, परवाना मान्य आहे का, हे सगळे प्रश्न ठरलेले असतात. विंडोजमध्ये या फाइलला अनअटेंड म्हणतात, रेड हॅटच्या लिनक्समध्ये (लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मुक्त प्रणाली) किकस्टार्ट, डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात प्रीसीड. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ मध्ये डेबियनसाठी फाइ नावाची पूर्ण स्वयंचलित इन्स्टॉलेशनची व्यवस्था उभी केली, ती आजही चालू आहे. नावे निराळी असली तरी पायाभूत कल्पना एकच: माणसाने एकदा, शांतपणे, विचार करून उत्तरे द्यावीत, आणि यंत्राने ती हव्या तितक्या वेळा वाचावीत.

ही फाइल कोऱ्या संगणकापर्यंत पोहोचते कशी, हा भाग मला अजूनही पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. नवा संगणक टेबलावर ठेवला, वीज आणि लॅनची वायर जोडली आणि नेटवर्कवरून सुरू होण्याची मुभा दिली, की त्याच्या नेटवर्क कार्डमधला छोटासा प्रोग्राम जागा होतो. डिस्क पूर्ण रिकामी असते, यंत्राला स्वतःचा पत्ताही नसतो. ते वायरवर सर्वांना उद्देशून विचारते, मला कोणी पत्ता देईल का. कार्यालयातला डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि त्याच उत्तरात सांगतो, की अमुक सर्व्हरवर अमुक नावाची फाइल आहे, ती आण. मग ते यंत्र टीएफटीपी या अत्यंत साध्या पद्धतीने ती लहान फाइल आणते, ती फाइल विंडोजची एक छोटी आवृत्ती थेट मेमरीत उतरवते, आणि तिथून पुढे डिस्कचे भाग करणे, मुख्य विंडोज उलगडणे, ड्रायव्हर घालणे, नाव देणे, कार्यालयाच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या गटात, सामील होणे, ही कामे उत्तरांच्या फाइलीबरहुकूम एकामागून एक होत जातात. या संपूर्ण संवादाचे नियम पीएक्सई या नावाने इंटेलने १९९९ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या २.१ आवृत्तीत ठरले आहेत, आणि त्यातला टीएफटीपी तर त्याहूनही जुना, त्याचा मसुदा १९८१ चा आहे. तो ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो, पोहोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा तुकडा पाठवतो. त्यामुळे मोठी फाइल त्यातून आणणे हे फार संथ काम आहे. म्हणून हल्ली पहिला लहान तुकडा टीएफटीपीने आणून पुढचे सगळे एचटीटीपीने, म्हणजे वेबपाने ज्या पद्धतीने येतात तिने, आणण्याची सोय करतात. आयपीएक्सई हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे.

वेगाचा हिशेब आधी कागदावर करणे आवश्यक आहे, कारण बहुतेक कार्यालये इथेच अडतात. संगणकांच्या वायरी एकत्र जोडणारा जुना स्विच १०० मेगाबिटचा असेल, तर आठ बिटांचा एक बाइट धरून सर्व्हरच्या वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जातात. ५ गिगाबाइटची विंडोज एका यंत्राला पोहोचायला सात मिनिटांच्या आसपास लागतील, पण २० यंत्रे एकाच वेळी लावली तर तीच वायर सगळ्यांत वाटली जाऊन दोन तासांहून अधिक लागतील. स्विच गिगाबिटचा केला तर हे काम पंधरा मिनिटांच्या आत येते. पेनड्राइव्हच्या बाबतीतही असाच एक अडथळा आहे. नव्या यूईएफआय (यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) पद्धतीचे संगणक साधारणपणे फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होतात, फॅट३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल त्याहून सहज मोठी होते. मग तिचे तुकडे करून ठेवावे लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले पेनड्राइव्ह खराब म्हणून टाकून देणारी माणसे मला भेटली आहेत.

आता मला जे म्हणायचे आहे ते सांगते. उत्तरांची फाइल लिहायला बसले, तेव्हा लक्षात आले की संगणकाच्या प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ नाहीत, ती कार्यालयाजवळ आहेत. आणि कार्यालयाने ती कधी एकत्र बसून दिलेलीच नाहीत. वसुली विभागाला इंटरनेट हवे की नको? रोखपालाच्या यंत्राला पेनड्राइव्ह लावता यावा का? पडदा किती मिनिटांनी आपोआप बंद व्हावा? कागदपत्रे यंत्रावर राहतील की सर्व्हरवर? आजवर या प्रश्नांचा निकाल दर वेळी जो इंजिनियर समोर बसला होता त्याने, त्या क्षणी, स्वतःच्या सोयीने लावला होता. फाइलमध्ये मात्र एक ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ओळ लिहिली की ती कोणालाही वाचता येते, तिच्यावर आक्षेप घेता येतो, ती बदलली तर कधी आणि कोणी बदलली याची नोंद राहते. व्यवस्थापकांसमोर ही फाइल छापून ठेवली आणि एकेका ओळीवर चर्चा झाली, तेव्हा संस्थेने आपल्या संगणकांकडून काय अपेक्षा आहे हे पहिल्यांदाच शब्दांत मांडले, असे मला मनापासून वाटते.

त्या चर्चेतला सर्वांत मोठा विषय हिंदी टंकलेखनाचा निघाला. आमच्याकडे सभासदांशी पत्रव्यवहार हिंदीत होतो, आणि वीस-पंचवीस वर्षांची पत्रे कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. कृतिदेव युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत, पाळत नाही. त्यात देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात, म्हणून ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे पत्र उघडले की पानभर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. दुसरीकडे नव्याने नोकरीला लागलेल्या मुली मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक व टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करून आलेल्या, म्हणजे युनिकोडच्या मंगल फॉन्टमध्ये, रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टंकलेखन करणाऱ्या. त्यांना वाटते मंगल विंडोजमध्ये असतोच. पण विंडोज १० पासून तो मूळ संचात नसून देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या ऐच्छिक भागात गेला आहे. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तरच तो आपोआप येतो, नाहीतर मजकूर निर्मला फॉन्टमध्ये दिसतो आणि ओळींची मांडणी बदलते. हाताने बसवलेल्या यंत्रांवर हा भाग कधी असे, कधी नसे, आणि एकच पत्र एका टेबलावर एका पानाचे, दुसऱ्या टेबलावर सव्वा पानाचे होत असे.

जमाखर्च विभागातले आमचे सर्वांत जुने काका मला म्हणाले, "ताई, तुमचं ते नवीन काय ते करा, पण माझ्या मशीनला मार्च होईपर्यंत हात लावू नका. आणि माझी कृतिदेव काढाल तर मी पत्रं कशी वाचू?" मी त्यांच्याजवळ बसून त्यांचे काम पाहिले. त्यांच्या डेस्कटॉपवर कित्येक वर्षांच्या फाइली होत्या, आणि त्या यंत्राची डिस्क गेली असती तर त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. त्यांचा नकार हट्टातून आलेला नव्हता. यंत्र पुसले की काम पुसले जाते, हा त्यांचा अनुभव होता, आणि तो खरा होता. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी सर्वांची कागदपत्रे सर्व्हरवरच्या त्यांच्या त्यांच्या फोल्डरमध्ये जातील अशी व्यवस्था केली, रोज रात्री त्या सर्व्हरची प्रत निघेल हे पाहिले, आणि मगच यंत्रांकडे वळलो. उत्तरांच्या फाइलीत कृतिदेव कायम ठेवण्याची ओळ आली, भाषा हिंदी व मराठी दोन्ही जोडण्याची आली, रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट दोन्ही कीबोर्डांची आली. नवी पत्रे युनिकोडमध्येच लिहायची, हे संस्थेने परिपत्रक काढून ठरवले. काकांच्या यंत्राची पाळी एप्रिलमध्ये आली. त्यासाठी रंगपंचमीच्या सुटीची सूचना झाली होती, कारण त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि कार्यालय रिकामे असते. पण रंगपंचमी वर्षअखेरीच्या इतक्या जवळ येते की त्या दिवसांत हिशेबाच्या यंत्रांना हात न लावणेच योग्य, असे मी ठामपणे सांगितले.

सॉफ्टवेअर बसवण्याचा भाग तुलनेने सोपा आहे. चांगले सॉफ्टवेअर कोणताही पडदा न दाखवता, आदेशातल्या एका लहानशा खुणेवर स्वतःला बसवून घेते. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये एमएसआय ही सॉफ्टवेअर बसवण्याची ठरावीक पद्धत आणली तेव्हापासून विंडोजमध्येही याला शिस्त आली, आणि २०११ पासून चॉकलेटी, २०२१ पासून विंगेट या साधनांमुळे यादी देऊन संच बसवता येतो. डेबियनच्या वापरकर्त्यांना ही सोय फार पूर्वीपासून आहे. अडचण येते ती डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर आणि पासबुक छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांची. त्यांचे काही इन्स्टॉलर कोणी तरी समोर बसून बटण दाबेल हे गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. विकत घेतानाच 'हे शांतपणे बसते का' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि आता आमच्या खरेदीच्या अर्जात तो आहे.

यंत्र एकदा तयार झाले तरी ते हळूहळू बदलत जाते, हेही मान्य करावे लागते. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये यंत्रांची मांडणी राखणारे सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर लिहिले, त्यामागचा विचार असा, की यंत्राला कोणती कृती करायची ते सांगण्याऐवजी त्याची स्थिती कशी असावी ते सांगावे, आणि यंत्राने ठराविक काळाने स्वतःला तपासून जेवढे बदलले असेल तेवढेच दुरुस्त करावे. पपेट, अॅन्सिबल ही पुढची साधने याच वाटेने गेली. तारखेची पद्धत कोणी चुकून बदलली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा भारतीय झालेली असते.

या सामर्थ्याचा धोका मात्र तितकाच मोठा आहे. मे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ बसवण्याचा आदेश चुकून सर्व विंडोज यंत्रांना गेला; लॅपटॉप, टेबलावरचे संगणक आणि सर्व्हरही नव्याने फॉरमॅट होऊ लागले, आणि चूक ध्यानात येऊन आदेश देणारा सर्व्हर बंद केला तोवर तो स्वतःही पुसला गेला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, त्याचे कारणही हेच, की एक बदल एकाच वेळी सगळीकडे पोहोचला. म्हणून आमच्याकडे नेटवर्कवरून सुरू होण्याची मुभा रोजच्या यंत्रांवर बंद असते, नवी यंत्रे वेगळ्या स्विचवर तयार होतात, इन्स्टॉलेशनच्या मेनूला पासवर्ड आहे, आणि कोणताही बदल आधी माझ्या यंत्रावर, मग दोन स्वेच्छेने तयार असलेल्या सहकाऱ्यांच्या यंत्रांवर, आणि त्यानंतरच शाखांत जातो. आणखी एक सावधगिरी पुष्कळ जण विसरतात: उत्तरांच्या फाइलीत प्रशासकाचा पासवर्ड असतो, आणि विंडोज त्या फाइलीची प्रत यंत्रावरच ठेवते. तो पासवर्ड तात्पुरता ठेवून काम संपताच बदलायचा, आणि प्रत्येक यंत्राला वेगळा द्यायचा. २०२३ पासून विंडोजमध्येच असलेली लॅप्स ही सोय हे आपोआप करते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, तेव्हा या लिखित नोंदींचा उपयोग सर्वांत अधिक झाला. कोणत्या यंत्रात विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आहे, कोणत्यात नाही, हे आमच्या नोंदींत आधीच होते. ज्यांवर विंडोज ११ बसत नाही अशी जुनी पण धडधाकट यंत्रे आम्ही डेबियनवर नेली. तीच वायर, तोच सर्व्हर, फक्त दुसरी उत्तरे. स्वागतकक्षातले काम ब्राउझरमध्येच चालते, तिथे कोणाची तक्रार नाही. परवान्यांचा हिशेबही याच निमित्ताने स्वच्छ झाला, कारण यंत्राबरोबर आलेल्या परवान्यावर आपली प्रत उतरवण्याचा हक्क मिळत नाही, त्यासाठी व्हॉल्यूम (अनेक यंत्रांसाठी संस्थेने घेतलेला) परवाना घ्यावा लागतो, हे व्यवस्थापनाला लेखी दाखवता आले.

सध्या देवास आणि उज्जैनच्या शाखांचे काम चालू आहे. तिथली इंटरनेटची लाइन संथ आहे, त्यामुळे इथल्या सर्व्हरवरून विंडोज ओढणे व्यवहार्य नाही. प्रत्येक शाखेत एक जुने यंत्र स्थानिक साठ्यासाठी ठेवायचे, मोठ्या फाइली त्यावर रात्री हळूहळू पोहोचवायच्या, आणि उत्तरांची फाइल मात्र दर वेळी इंदूरहून ताजी घ्यायची, असे ठरले आहे. देवासच्या शाखेतल्या मुलीने उत्तरांच्या फाइलीची तिची प्रत वाचून फोन केला, की तिच्याकडचा पासबुक प्रिंटर यादीत नाही. ती ओळ तिनेच लिहून पाठवली आहे. माझ्या यंत्रावर ती तपासून झाली, की पुढच्या शनिवारी पहिले यंत्र लावू.